नुसतं पाणी

ऑर्विल टोलेफसनने उभ्या आयुष्यात वायरलेसवर मासळीबद्दल एक अक्षर खरं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं, "तिकडे काही लागतंय का?" की त्याचं उत्तर ठरलेलं: "नुसतं पाणी." मागे डेकवर त्याचे हॅलिबट मासे आपटत असायचे. अलास्काच्या आमच्या बंदरावर याला कुणी लबाडी म्हणत नाही. सगळे मच्छीमार असंच बोलतात. ऑर्विल त्यांच्यात पटाईत, एवढंच.

खांदा निकामी झाला तेव्हा त्याने बोट विकली आणि मार्गोच्या पर्यटक-बोटीचं सुकाणू धरलं. सकाळी माणसं घेऊन निघायचं, हिमनदी दाखवायची, देवमासे, सील दाखवायचे, संध्याकाळी परत. त्या बोटीवर मी सूप आणि कॉफी वाटायचे. चालवण्यात ऑर्विलला तोड नव्हती. अडचण बोलण्याची होती.

"उजवीकडे समुद्री ऊदमांजर. पोटावर पिल्लू आहे. ओव्हर," तो वायरलेसच्या सवयीने लाऊडस्पीकरवरून सांगायचा. दुपारपर्यंत प्रवासीही एकमेकांना "मीठ दे, ओव्हर" म्हणायला लागायचे.

एके दिवशी मालकीण मार्गो स्वतः बोटीवर आली होती. खाडीच्या तोंडाशी ओर्का देवमाशांचा कळप अगदी शेजारून निघाला, काळ्या पाठी उन्हात चमकत होत्या. तेवढ्यात वायरलेस खरखरला. दुसऱ्या बोटीवरची कॅप्टन विल्मा केचम, मासेमारीच्या दिवसांपासूनची त्याची स्पर्धक.

"ऑर्विल, तुझ्याकडे काही?"

"नुसतं पाणी."

गडबडीत त्याने दोन्ही माईक एकत्र धरले होते. सगळ्या डेकने ते ऐकलं.

"मग हे काय, बटाटे पोहतायत?" कठड्याशी उभी असलेली एक आजी ओरडली.

मार्गो वर केबिनमध्ये आली. मी तिथेच कॉफी ठेवत होते.

"कॅप्टन, सकाळी पफिन पक्षी कुठे बसलेत ते विल्मानेच सांगितलं ना तुम्हाला? या धंद्यात दिसलेलं सांगायचं असतं. परत असं झालं तर उद्या सुकाणूवर दुसरं कुणी असेल."

"तीस वर्षांची जीभ आहे, पोरी."

"मग आज वळवा."

ऑर्विलने बोट पुढे काढली. विकायला आता दुसरी बोट नव्हती, आणि किनाऱ्यावर बसून त्याला करता येण्यासारखं काही नव्हतं.

हिमनदीसमोर त्याने इंजिन बंद केलं. निळ्या भिंतीचा एक तुकडा सुटताना दिसला, आवाज मात्र उशिरा आला, जणू त्याला वाट सापडत नव्हती. ऑर्विल काही बोलला नाही. तिथे ते बरोबरच होतं.

परतताना पुन्हा विल्माचा आवाज आला. "पक्ष्यांपलीकडे काही नाही रे. लोक रुसून बसलेत."

ऑर्विलने बोट हळूच खडकाच्या दोन सुळक्यांमागे वळवली. आत छोटी खाडी होती. भरतीला हेरिंग मासे तिथे दाटीने शिरतात. या खाडीवर त्याचं घर चाललं होतं, पण तिचा पत्ता त्याने बायकोलाही दिला नव्हता. आज तिथे दोन देवमासे चरत होते.

त्याने वायरलेसचा माईक उचलला. अंगठ्याने बटण दाबलं.

"विल्मा, सुळक्यांमागची खाडी. दोन देवमासे. भरती आहे तोवर ये."

लांब तिची बोट दिसत होती. तिचं पुढचं टोक वळलं, पण उघड्या समुद्राकडे.

"अगं बये, उलटी कुठे चाललीस?"

"तू सांगशील त्याच्या उलट गेले, म्हणून तर माझी चूल पेटली इतकी वर्षं!"

मार्गोने हसू दाबलं. ऑर्विल हसला नाही. त्याने खिडकी सरकवली, बटण दाबून माईक वायर ताणेल तेवढा बाहेर धरला. पाणी फुगलं, देवमासा वर आला आणि लोहाराच्या भात्यासारखा श्वास सुटला. कुजक्या मासळीचा वास केबिनभर पसरला. खाली डेकवर कुणी न सांगता सगळे एका सुरात ओरडले, "ओव्हर!"

मग तिकडची बोट सावकाश फिरली.

"हीच का रे ती जागा?" विल्माचा आवाज उतरला होता. "किती उन्हाळे शोधली मी."

"हीच. बघ आणि विसरून जा."

मार्गोने माझ्या ट्रेमधलं सूप उचलून त्याच्यासमोर ठेवलं. "उद्या सातला निघायचंय, कॅप्टन."

त्याने मान डोलावली आणि लाऊडस्पीकरचा माईक घेतला.

"डावीकडे विल्मा केचम येतेय. हात करा तिला. ओव्हर."