प्रबंधाच्या पानात माझा ताप

मंडळी, आज सकाळी आमच्या महाल भागात घडलेलं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

किराणा दुकानात एका वयस्कर बाईंनी मला थांबवलं. "तू टायपिंगवाल्या मालतीबाईची पोरगी नं वं?"

सत्तरच्या दशकात माझी आई घरीच मराठी टाइपरायटरवर लोकांचे प्रबंध टाइप करायची. स्वयंपाक आटोपून ती मशीनपुढे बसली की वाटायचं, आता आई आपली नाही.

या बाई निवृत्त प्राध्यापिका निघाल्या. मला घरी नेऊन त्यांनी आपल्या प्रबंधाचं, आईनं टाइप केलेलं एक पिवळं पान दाखवलं. गोंड राजांच्या तलावांबद्दलच्या वाक्यात मध्येच शब्द होते, 'पोरीचा ताप उतरला'.

"तुले टायफॉईड झाला होता. तुझ्या खाटेजवळच मशीन ठेवून टाइप करून राहिली होती ती. चूक दाखवली तर लाजली अन् दुसरं पान करून देलं. हे मी ठेवून घेतलं."

मला त्या दिवसांतली फक्त मशीनची टकटक आठवते. आई अधूनमधून माझं कपाळ केव्हा चाचपायची, ते कळलंच नव्हतं.

तुमच्या घरी कोणी असं घरून काम करायचं का? त्यांचं लक्ष नेमकं कुठे असायचं, कधी विचारलंत?