आधी गॉगल, मग बंदूक

आमच्या ह्यांच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या माणसाला बंदूक मिळत नाही, गॉगल मिळतो. गिऱ्हाईक आत येतं ते भिंतीवरच्या काळ्याभोर बंदुकांकडे तोंडाचा आ करून बघत, आणि हे काउंटरवरून गॉगलांचा ट्रे पुढे सरकवतात. आधी हा नीट बसवा, मग बोलू. कोणी म्हणालं की घरी मोटरसायकलचा गॉगल पडलाय, तो चालेल, तर हे तो आणायला लावतात, मागच्या खोलीत नेतात आणि त्याच्यावर दहा पावलांवरून एक गोळी झाडतात. काच तडकते. मग गिऱ्हाईक गपगुमान नवा घेतं. गिऱ्हाइकाची वस्तू फोडून गिऱ्हाईक जोडणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

या बंदुका खऱ्या नव्हेत, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही घाबराल. एअरसॉफ्ट म्हणतात यांना. दिसायला हुबेहूब, पण आतून सुटते ती वाटाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी. सुट्टीच्या दिवशी चांगली कामधंद्याची माणसं शहराबाहेरच्या माळावर दोन गट करून एकमेकांवर त्या झाडतात. कपड्यावरून लागली तर चिमटा काढल्यासारखं वाटतं, फार तर लाल वळ उठतो. डोळ्यात गेली तर डोळा जातो. हे मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या ह्यांचा डावा डोळा असाच गेला, वीस वर्षांपूर्वी, आमच्याच पुढच्या खोलीत, आणि तेव्हा पिस्तूल होतं त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या हातात.

त्या वेळी हे शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. हाताला असा गुण, की मशीन यांना बघूनच सरळ होतं, असं शिवणकाम करणाऱ्या बायका म्हणायच्या. एक ओळखीचा खेळाडू गॅसवर चालणारं पिस्तूल घेऊन आला, गॅस गळतो म्हणाला. यांनी तीन दिवस जेवणखाण विसरून ते दुरुस्त केलं आणि स्वतःवरच खूश झाले. रविवारी सकाळी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, नळकाम करायचे. दर रविवारी यायचे, दोघे भाऊ चहा घेत एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचे, आणि मी आतून त्यांना गप्प बसायला सांगायचे. त्या दिवशी टप असा बारीक आवाज आला, मग खुर्ची पडल्याचा. मी धावत बाहेर आले तर हे डोळ्यावर हात दाबून जमिनीवर, टेबलावर काढून ठेवलेलं गोळ्यांचं मॅगझिन, आणि भाऊजी हातात पिस्तूल धरून उभे. रिकामं होतं, रिकामं होतं, एवढंच ते म्हणत होते.

डॉक्टरांनी डोळा गेल्याचं सांगितलं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भाऊजींना जे बोलायचं ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. शेवटी मी म्हणाले, पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नका. त्यांनी खाली मान घालून हो म्हटलं, आणि ते शब्दाला जागले. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ते दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. वर्षा-दोन वर्षांनी हे हळूच विषय काढायचे, दादाला बोलवू या का म्हणून. मी हातातलं भांडं ओट्यावर आपटायचे. मग हे पेपर उघडायचे. मला वाटायचं, माझा नवरा किती मोठ्या मनाचा, ज्याने डोळा घालवला त्याच्यासाठी जीव टाकतोय.

डोळा गेल्यावर दोन वर्षांनी यांनी मशिनांचं काम सोडून या बंदुकांचं दुकान टाकलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी हे म्हणाले, कोणीतरी विकणारच आहे, मग ज्याला कळतं त्याने विकलेलं काय वाईट. पुढे मीच काउंटरवर बसायला लागले, कारण यांच्या भरवशावर सोडलं असतं तर दुकानातून गॉगलशिवाय काहीही विकलं गेलं नसतं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी आत आली. केस बारीक कापलेले, पाठीला बॅग. तिचे कान बघून मी सावध झाले, कारण ते कान आमच्या घरातले. मग माझं लक्ष दाराकडे गेलं. पायरीच्या पलीकडे, फुटपाथवर, भाऊजी उभे होते. केस पांढरेशुभ्र झालेले, हात मागे बांधलेले, आणि नजर रस्त्याकडे.

मुलगी आडपडदा ठेवणारी नव्हती. म्हणाली, बाहेर उभे आहेत त्यांची मी नात, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर खेळायला जाणार आहे, मला बंदूक हवी आहे. आजोबा आधी नकोच म्हणत होते. मी ऐकत नाही म्हटल्यावर म्हणाले, घ्यायचीच असेल तर त्याच्याकडूनच घे, दुसऱ्या कोणाकडची घरात आणायची नाही. इथवर सोबत आले, पण आत येत नाहीत, का ते सांगत नाहीत.

यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एक शब्द बोलले असते तर भाऊजी आत आले असते, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी गोळ्यांच्या पिशव्या लावायला घेतल्या. त्या सकाळीच लावून झालेल्या होत्या.

मग यांनी शिकवायला सुरुवात केली. एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस, पण त्या दिवशी असा आवाज लावला, की पायरीवर काय, समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जावं. गॉगल झाला. तो कानाकडून उचलला जात नाही ना, मान हलवली तर फट पडत नाही ना, सगळं बघून झालं. नातीचं बोट भिंतीवरच्या सगळ्यात लांब बंदुकीकडे गेलं. सगळ्यांचंच जातं, हे म्हणाले, आणि ती काढून तिच्या खांद्याला लावून दिली. धरून ठेव म्हणाले, आणि माहिती सांगत बसले. ही स्प्रिंगची, प्रत्येक गोळीला खटका हाताने मागे ओढायचा, नवख्या माणसाची दुसरी गोळी तयार होईपर्यंत समोरचा चहा पिऊन येतो. चार मिनिटांत पोरीचे हात थरथरायला लागले. मग हे म्हणाले, दिवसभर धरायची आहे, भिंतीला टांगायची नाही, आधी वजन बघावं.

गॅसवालीला खऱ्यासारखा झटका बसतो, पण ती लाडावलेली. थंडीत रुसते, वेळच्या वेळी तेल मागते. ती दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी बॅटरीवाली, प्लॅस्टिकच्या अंगाची, हलकी, जिचे सुटे भाग कुठेही मिळतील अशी. गोळी जितकी जोरात तितका नेम चांगला, हा गैरसमज आहे. मैदानावर वेग मोजतात आणि मर्यादेबाहेर असेल तर आल्या पावली घरी पाठवतात. नेम येतो तो चांगल्या गोळीने, म्हणून बंदूक थोडी साधी घ्यावी पण गोळ्या गुळगुळीत आणि वजनाला सारख्या घ्याव्यात, स्वस्तातल्या गोळ्या नळीत अडकतात. रस्त्याने नेताना कायम बॅगेत, कारण लांबून बघणाऱ्याला ती खरीच वाटते. आणि या खेळात अंगावर रंग उडत नाही, खूण राहत नाही. ज्याला लागली त्याने आपणहून हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं, कोणी बघितलेलं असो वा नसो. हे जमणार नसेल तर दुसरा खेळ बघावा.

मुलगी सगळं वहीत लिहून घेत होती. बाहेर भाऊजींची मान आता दुकानाकडे वळली होती. मी ते बघत होते, आणि तरी पिशव्याच लावत होते. एकदा धरलेला हट्ट सोडायचा कसा, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी यांनी परीक्षा घेतली. ती ते प्रत्येक नवख्याची घेतात. गॅसचं पिस्तूल घेतलं, काउंटरवरच्या चिंध्या भरलेल्या खोक्यात एक गोळी झाडली, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं आणि पिस्तूल तिच्या हातात देऊन विचारलं, आता काय? तिने मॅगझिनकडे बघितलं, पिस्तुलाकडे बघितलं आणि हसून म्हणाली, आता रिकामं. काचेवर वाफ धरली होती म्हणून दुसऱ्या हाताने ती गॉगल कपाळावर सरकवायला लागली. यांचा तळहात तेवढ्यात पिस्तुलाच्या तोंडावर आला होता, तो नेहमीच येतो. पण हे बाहेरून दिसणारं नव्हतं.

"पोरी, थांब. आत एक असते."

भाऊजी दुकानाच्या मध्यावर उभे होते. कधी पायरी चढले आणि कधी आत आले, कळलंच नाही. मग त्यांनी मला पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले.

यांनी मुलीचा गॉगल खाली ओढला, तिचा हात धरून पिस्तूल खोक्याकडे वळवलं आणि चाप ओढायला लावला. टप. मॅगझिन नसलेल्या पिस्तुलातून गोळी सुटून चिंध्यांत गेली. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पहिली झाडली की दुसरी आपोआप नळीत येऊन बसते, मॅगझिन काढलं तरी ती तिथेच राहते, आणि या जातीच्या पिस्तुलात गॅसही मॅगझिनमध्ये नसून मुठीतच असतो, हे यांनी तिला समजावलं. ते बोलताना त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा बारीक झाला होता.

"शंभरातले नव्वद जण हेच म्हणतात, दादा," खोक्याकडे बघत हे म्हणाले. "रिकामं आहे. मीही म्हणालो होतो."

मी विचारलं, तुम्ही कधी म्हणालात?

तेव्हा यांनी सांगितलं. त्या रविवारी मॅगझिन काढलं ते यांनीच, भावाला आपली करामत दाखवायला. रिकामं आहे, धर, बघ हातात कसं बसतं, म्हणाले. भाऊजींनी ते भिंतीकडे धरलं, तर हे खुर्चीतून म्हणाले, भिंतीकडे काय, माझ्यावर रोख, चाप ओढून बघ. भाऊजी नको म्हणाले. यांनी त्यांना भित्रा म्हणून चिडवलं. दवाखान्यात दोन दिवस औषधाच्या गुंगीत गेले, शुद्धीवर आले तोवर मी भाऊजींना हाकलून मोकळी झाले होते. घरी गेल्यावर सांगू, असं मनाशी म्हणाले. मग पुढच्या आठवड्यात सांगू. मग वर्ष झालं, आणि नंतर सांगायला तोंड उरलं नाही.

मला इतका राग आला की हातातली पिशवी फुटली आणि गोळ्या दुकानभर पसरल्या. जगाला आपणहून हात वर करायला शिकवणारा हा माणूस एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसून पेपर वाचत होता, आणि मी भांडी आपटत होते. यांना सोडून मी भाऊजींकडे वळले.

"तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. तुम्ही का बोलला नाहीत?"

"डोळा त्याचा गेला होता," भाऊजी म्हणाले. "वर चूकही त्याचीच, हे मी कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि तुला तेव्हा कोणावर तरी रागावायला हवंच होतं. त्याच्यावर रागावली असतीस तर त्याला सांभाळलं कोणी असतं?"

मी स्टुलावर बसले. रडू आलं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. यांना मलमपट्टी करताना, औषध घालताना, पहिल्या वर्षी जिन्यावर दोनदा धडपडले तेव्हा उचलताना मला एकदाही यांचा राग आला नव्हता, तो सगळा मी दुसरीकडे ठेवून आले होते. ज्याच्याकडे ठेवला त्याने तो एकोणीस वर्षं मुकाट्याने बाळगला आणि आपले सगळे रविवार घरात बसून काढले. मुलगी खाली बसून गोळ्या वेचायला लागली.

"भाऊजी, माझं चुकलं," मी म्हणाले. "एवढ्या वर्षांत माझं कोणी अक्षरन् अक्षर ऐकलं असेल तर ते तुम्हीच, आणि ऐकलंत तेही नको ते." ते हसले. हे हसले नाहीत. हे खोक्याची कड धरून उभे होते आणि खांदे हलत होते. भाऊजी त्यांच्याजवळ गेले, आणि त्यांनी काउंटरवरचं मॅगझिन उचललं, नीट पुसलं आणि परत ठेवलं.

यांच्याशी मी नंतर बोलले, पोटभर बोलले, ते इथे सांगत नाही. त्या दुपारी आम्ही दुकान लवकर बंद केलं आणि चौघे घरी निघालो. मी नातीबरोबर मागून चालत होते. चौकात रस्ता ओलांडायचा असला की मी यांच्या डाव्या बाजूला जाते आणि कोपराला धरते, तिकडून येणारी गाडी यांना दिसत नाही म्हणून. इतक्या वर्षांची सवय, मी पुढे होऊन हात केला. तिथे भाऊजींचा हात आधीच होता. मी मागे झाले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.