कोरीवानच्या चुलीतला विस्तव

ग्लेन फिअरा या खोऱ्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे. सगळे खोरे एका जमीनदाराच्या इस्टेटीचे; फाटकाची किल्ली फक्त इस्टेटीच्या माणसांकडे असते, आणि त्यांच्या गाड्यांखेरीज दुसरी गाडी आत जात नाही. सायकलीला मात्र कोणी अडवत नाही. बाजूच्या अरुंद फटीतून डोलिना मॅकलेनन रोज आपली काळी, जड सायकल तिरकी करून आत घेई आणि खोऱ्याच्या टोकाशी असलेल्या कोरीवान नावाच्या घरी जाई. त्या घरात कोणी राहत नव्हते. ती जाई चुलीतल्या विस्तवासाठी.

डोलिनाचा जन्म त्याच घरातला. पुढे ती खाली गावात शाळेची स्वयंपाकीण झाली आणि गावाच्या दोन पिढ्या तिच्या हातचे सूप पिऊन वाढल्या. लग्न केले नाही. आई गेल्यावर घर बंद होणार असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, पण दुसऱ्याच सकाळी ती सायकलीवर दिसली. इस्टेटीच्या सध्याच्या मालकाच्या आजोबांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, असे सांगतात: धुराड्यातून धूर निघतो आहे तोवर हे घर मॅकलेननांचे. या शब्दाचा कागद मी पुष्कळ शोधला. तो नाही. तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तो जवळजवळ एकसारखाच ऐकला, एवढेच मी म्हणू शकतो.

गावच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याच्या कामामुळे मी येथे राहतो, आणि अनेकदा तिच्या मागे सायकल काढत असे. त्या वाटेवर सायकल चालवताना जाग आणि झोप यांतला फरक पुसट होतो. धुके नदीवरून उठते, चाकाखालचे खडे दुसऱ्याच कोणाच्या तरी चाकाखाली वाजल्यासारखे वाटतात, आणि वरच्या उतारावरच्या हरिणी मान वर करून पुन्हा खाली घालतात. डोलिना घाई करत नसे. ती पायडल मारते आहे की पायडलच तिला नेत आहेत, हे मला मागून कळत नसे.

घरी पोचल्यावर ती राख बाजूला सारी. आत निखारा असे, निजलेल्या जनावराच्या अर्धवट उघड्या डोळ्यासारखा. पीटचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे, दोन तुकडे उभे करून ती त्याला जागे करी, खोलीला ऊब देई, खिडकीशी बसून चहा पिई. निघताना निखारे पुन्हा राखेखाली निजवी. तेव्हा ती काहीतरी पुटपुटे. काय, ते तिने कधी सांगितले नाही, आणि मी तर्क लिहीत नाही.

शनिवारी राखेचा थर जाड असे, कारण रविवार देवाचा, त्या दिवशी काम वर्ज्य आणि सायकलही चालत नाही. विस्तव सोमवारपर्यंत कसा टिकतो याबद्दल मला शंका होती, म्हणून एका सोमवारी मी स्वतः राख उकरून पाहिली. बोट भाजले.

शरद ऋतूतल्या एका रविवारी प्रार्थना संपली तेव्हा पाऊस कोसळत होता. चर्चच्या दारात टॉर्क्विल उभा होता. तो इस्टेटीचा शिकारराखा, डोंगरावरच्या हरणांवर नजर ठेवणारा. दाढी पांढरी झाली होती, तरी डोलिना त्याला “पोरा” अशीच हाक मारी. नदी कोरीवानच्या वाटेवरच्या पुलाच्या फळ्यांना लागली असून सकाळपर्यंत पूल राहणार नाही, असे त्याने सांगितले. आताच जा, नाहीतर माझ्या गाडीतून मी जाऊन येतो, असेही म्हणाला.

“आज तुला कामाला लावलं तर पाप माझ्याच माथी,” डोलिना म्हणाली.

“खड्ड्यात पडलेलं मेंढरू रविवारी काढलेलं बायबलालाही चालतं की.”

“मेंढराला जीव असतो, पोरा. हे माझं घर आहे. माझ्या घरासाठी मी धावले तर ती दया नव्हे, हाव.”

टॉर्क्विलने टोपी पिळून पुन्हा डोक्यावर घातली. डोलिना घरी गेली. त्या दुपारी तिच्या खिडकीत मला ती दिसली. ती खोऱ्याकडे पाठ करून बसली होती.

पूल गेला. पाणी ओसरायला बुधवार उजाडला. आम्ही सायकली खांद्यावर घेऊन गार पाण्यातून पलीकडे गेलो. धुराडे नुसतेच उभे होते. डोलिनाने राखेत हात घातला, थेट कोपरापर्यंत, आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. हाताला कोठेही ऊब लागली नाही.

परतताना फाटकाशी टॉर्क्विल भेटला. तिच्या बाहीवरची राख पाहून त्याने ओळखले. डोंगरावर चार दिवस इतके धुके होते, तो म्हणाला, की धूर कोणता आणि धुके कोणते हे त्याला काही सांगता येणार नाही. डोळे म्हातारे झालेत.

“तुझे डोळे पलीकडच्या डोंगरावरची हरणं मोजतात,” डोलिना म्हणाली आणि तशीच इस्टेटीच्या कारभाऱ्याच्या कचेरीकडे वळली. आम्ही दोघे तिच्या मागे गेलो.

कारभारी गथ्री परगावचा, वयाने तरुण, बोलायला सरळ. कोरीवानच्या घरात शिकारी पाहुण्यांची सोय करावी असा इस्टेटीचा विचार आहे, हे गावाला ठाऊक होते. डोलिना उभ्या उभ्याच म्हणाली की आग विझली आहे, घर घ्या.

त्याने तिला खुर्ची दिली. त्या शब्दाचा कागद त्यानेही शोधला होता, सापडला नव्हता. ज्या शब्दाला लोकांच्या तोंडाशिवाय ठिकाणा नाही, तो मोडला हे डोलिनाच्याच तोंडून कळावे, याचा त्याला अवघडलेपणा वाटत असावा. त्याने विचारले, पूर्वी कोणाची आग विझली तर लोक काय करत?

उत्तर डोलिनाला येत होते, पण ते तिच्या बाजूचे होते.

“मला विचारू नका,” ती म्हणाली. “माझा फायदा आहे त्यात. यांना विचारा. यांनी म्हाताऱ्यांचं बोलणं गोळा केलंय, आणि यांचा कशावरच विश्वास नसतो.”

मी जे ऐकले होते तेवढेच सांगितले. लोक शेजारून निखारा आणत. कोठूनही आणला तर ती नवी आग. पण जो विस्तव एकेकाळी आपल्याच चुलीतून दिलेला असेल, तो परत आणला तर ती आपलीच आग, उसनी गेलेली घरी आली असे मानत. मुलाखती वेगवेगळ्या घरांतल्या होत्या आणि या मुद्द्यावर त्यांत मतभेद नव्हता.

“कोरीवानमधून कोणाकडे आग गेली होती?” गथ्रीने विचारले.

टॉर्क्विल दाराशी टोपी हातात धरून उभा होता. “माझ्या आईकडे,” तो म्हणाला. “ती लग्न होऊन आली तेव्हा डोलिनाच्या आईने परातीतून आणून दिली. आईने कधी विझू दिली नाही. मीही नाही.”

मी त्याच्याकडे निरखून पाहिले. या म्हणण्याला दुसरा आधार माझ्याजवळ नाही. डोलिनाही त्याच्याकडे पाहत होती, धुक्याबद्दल तो बोलला तेव्हा पाहिले होते त्याहून फार वेगळ्या नजरेने.

“शपथेवर?”

“शपथेवर, डोलिना.”

गथ्री म्हणाला की त्याचे एवढ्याने समाधान आहे, आणि घराबद्दल इस्टेटीकडून विषय निघणार नाही.

टॉर्क्विलच्या चुलीतून तिने स्वतः निखारे निवडले. राख भरलेल्या लोखंडी भांड्यात त्यांना बसवून वर पीटचा तुकडा ठेवला आणि भांडे हँडलला टांगले. टॉर्क्विलने गाडी देऊ केली. ती नको म्हणाली, पण फाटक त्याने तिच्यासाठी पूर्ण उघडले. तिने सायकल तिरकी न करता आत नेली. मला आठवते तसे हे प्रथमच.

त्या दुपारी वारा नव्हता. भांड्यातून धुराची एक बारीक दोरी निघून तिच्या खांद्यावरून मागे येत होती आणि मी त्या धुरातून सायकल चालवत होतो. खोरे त्या वासाने भरून आले. नदीतून मी दोन्ही सायकली एकेक करून नेल्या. ती भांडे छातीशी उचलून, पाण्याकडे न पाहता, पलीकडे चालत गेली. पाणी तिच्या कमरेला लागले होते. हरिणींनी माना वर केल्या आणि या वेळी खाली घातल्या नाहीत.

चूल पेटायला वेळ लागला. ओली पीट नुसती धुमसत राहिली, आणि मी बाहेर जाऊन धुराडे पाहत उभा राहिलो. आधी काहीच नव्हते. मग छपरावर हवा जराशी निळी झाली, आणि ती निळाई आडवी पसरून खोऱ्यावर तरंगू लागली.

आतून डोलिनाने विचारले, “निघतोय का?”

मी हो म्हणालो, आणि ती ओले बूट काढून चुलीशी ठेवू लागली.