बॅटरीचा ताप

"पोरगी मुकी हाय का भाऊ? मघापासून नुसती मान हलवायलीय."

काका हे हळूच म्हणाले होते, पण गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला पत्र्याचं छप्पर आहे. तिथे हळू बोललेलंही डब्यात बोलल्यासारखं घुमतं. मी दाराबाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी होते.

"मुकी नाय, इंग्लिश मीडियम हाय," पप्पा म्हणाले. दोघंही हसले.

"मग बोलवा मॅडमला. इंग्लिश वाचायचंच काम हाय."

मी आत गेले. भिंतीवर इन्व्हर्टर होता आणि त्याच्या खाली नवी लिथियमची बॅटरी, लहान सुटकेसएवढी, करड्या रंगाची. पप्पा आणि काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते, आजारी माणसाच्या पलंगाशी बसावं तसे. दोघांचे शर्ट पाठीला चिकटले होते. मे महिन्यातली दुपार होती. पत्र्यातून ऊन दिसत नव्हतं, पण डोक्यावर हात ठेवल्यासारखं जाणवत होतं.

मला बोलवायचं कारण माझा फोन. या बॅटरीच्या आत एक छोटा सर्किट बोर्ड असतो, तो तिच्यावर पहारा ठेवतो. तिला किती भरायचं, किती रिकामी होऊ द्यायचं, किती तापली की थांबवायचं, हे आकडे त्याला आपण सांगायचे असतात. ते सांगायचे फोनवरून, ब्लूटूथने, आणि इंग्रजीत. पप्पांच्या जुन्या फोनवर ते ॲप उघडेना, म्हणून बॅटरी आली त्या दिवसापासून ते माझ्याकडे होतं. तेव्हा सगळे आकडे मीच भरले. काका सांगायचे, "टाका काहीपण, चालतंय." मी पुस्तिकेत बघून टाकायचे. काका मागे वळले की पुन्हा एकदा तपासायचे.

बॅटरी आणली आईसाठी. कोरोनानंतर आईची फुप्फुसं पहिल्यासारखी झालीच नाहीत. तिच्या पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन असतं, विजेवर चालणारं. त्याची घरघर आता आम्हाला ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र घरातले सगळे एकदम उभे राहतात. लाइट गेली की ते मशीन एक लांब शिट्टी देतं, आणि मी कुठेही असले तरी हातातलं टाकून आईकडे धावते. म्हणून पप्पांनी गच्चीवर सोलर बसवलं. दिवसा पॅनल बॅटरी भरणार, लाइट गेली की बॅटरी मशीन चालवणार.

मार्चमध्ये ते नीट चाललं. उन्हाळा चढला तशी बॅटरी ऐन दुपारी भरणं थांबवायला लागली. ॲपवर लाल ओळ यायची: चार्ज ओव्हर टेम्परेचर प्रोटेक्शन. म्हणजे, मी फार तापलेय, आता मला भरू नका. संध्याकाळपर्यंत ती जेमतेम अर्धी भरलेली असायची. मागच्या आठवड्यात लाइट गेली ती बराच वेळ आलीच नाही. बॅटरी संपली, मशीनने शिट्टी दिली, आणि पप्पांनी कोपऱ्यातलं सिलिंडर ओढून आईला लावलं. सिलिंडरची चावी त्यांच्या हातातून दोनदा पडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना फोन केला.

काका पप्पांचे जुने दोस्त. शहागंजात त्यांचं बॅटरीचं दुकान आहे. आमच्या लाइनीतल्या निम्म्या घरांचे इन्व्हर्टर त्यांनीच बसवलेत. त्यातल्या पाण्याच्या बॅटऱ्या बिघडल्या की ते नुसत्या वासावरून ओळखतात. आई पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा गावात सिलिंडर मिळत नव्हतं. काकांनी कुठून तरी मिळवलं, स्कूटरवर पुढे उभं धरून आणलं आणि आमच्या दारात ठेवून, तोंडाला रुमाल बांधून, लांबूनच ओरडले, "वहिनी, जय भीम! आता उठायचं!" आई उठली. त्यानंतर आमच्या घरात काकांना कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणतात भीड भिकेची बहीण, पण अशी भीड मोडायची कशी, ते म्हण सांगत नाही.

"बघा मॅडम," काका म्हणाले, "पंचावन्नला थांबती ना ही? सत्तर करा. विषय संपला."

मी मान हलवली.

माझं मान हलवणं ही एक अडचणच आहे. मला त्यातून म्हणायचं असतं की तुम्ही बोललात ते मी ऐकलं. समोरचा त्याचा हो असा अर्थ घेतो. शाळेत, कॉलेजात, पाहुण्यांत, मी अशा कितीतरी गोष्टींना हो म्हणून बसले आहे. मराठीत बोलायला गेले तर चुलत भावंडं म्हणतात पुस्तकातलं बोलते. इंग्रजीत बोलले तर म्हणतात भाव खाते. मानेला भाषा नसते, एवढाच तिचा फायदा.

पुस्तिका मी पूर्ण वाचली होती. पंचावन्न अंशांच्या वर सेल भरू नयेत, ते फुगू शकतात, असं त्यात होतं. त्याच्या पुढच्या ओळीत आगीचा उल्लेख होता, इतक्या सभ्य इंग्रजीत, की कुणाच्या तरी लग्नाला येता येणार नाही असं कळवलंय जणू. आणि आम्ही बसलो होतो त्याच्या बरोबर खाली आईचा पलंग होता. ऑक्सिजन चालू असतो तिथे ठिणगी चालत नाही. बुद्धांपुढची मेणबत्तीसुद्धा आम्ही तिच्या खोलीतून काढून हॉलमध्ये नेली होती.

मी आकड्यावर बोट ठेवलं. ॲपने पासवर्ड मागितला. मी फोन काकांसमोर धरला.

"पासवर्ड मागायलाय? टाका मग."

मी फोनकडे बघत राहिले.

"इसरलात?"

मी मान हलवली. यावेळी ती कुठल्या दिशेने हलली ते मलाही कळलं नाही.

"घ्या! एवढी फी भरली भाऊ तुम्ही, अन् पासवर्ड पाठ नाय." काकांनी माझ्या हातातला फोन वाकून पाहिला. "ओव्हर काय, प्रोटेक्शन काय, रिलीज काय. पिक्चर हाय का बॅटरी?"

पप्पा हसले नाहीत. ते बॅटरीकडे बघत होते.

"राहू द्या," काका उठले. "आकडा बदलत नाय तर गरमी बदलू. भाऊ, बादली आणा अन् एक फडकं. कायकू टेन्शन लेते?"

पाण्याच्या बॅटऱ्यांना काका उन्हाळ्यात ओलं गोणपाट गुंडाळायचे, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. मला वाटलं तेच करणार. बादलीचा आवाज खाली गेला आणि खालून आईचा आवाज आला, मधे दम घेत, "नळाला पाणी येऊन... आठवडा झालाय. अन् वर कुणाची... आंघोळ चालू हाय?"

"बॅटरीची, वहिनी!"

"मग साबण पण न्या."

काकांनी बॅटरीच्या बाजूचं झाकण उघडलं. आत निळे सेल ओळीने बसवलेले होते आणि त्यांच्या मधे, पिवळ्या टेपखाली, एक बारीक काळी वायर होती. तिच्या टोकाला मण्याएवढा गोळा. तो सेन्सर, सेल किती तापलेत ते बघणारा. काकांनी टेप सोलली, वायर बाहेर ओढली, तिच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि ती खिडकीच्या गजाला बांधली. झाकण लावून टाकलं.

"बघा आता फोनमदी."

चोपन्न. पन्नास. चव्वेचाळीस. एकोणचाळीसवर आकडा स्थिरावला. लाल ओळ गेली. खाली हिरव्या अक्षरात चार्जिंग आलं.

"दोस्त," पप्पा म्हणाले, "तुझ्या हातात जादू हाय." त्यांच्या कपाळावरची शीर, जी आठवडाभर उभी होती, बसलेली मला दिसली. मी पुन्हा फोनकडे बघितलं.

मग ते दोघं चहाला खाली गेले आणि मी एकटी राहिले. मी बॅटरीच्या झाकणावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. पत्रा इतका तापला होता की हात टिकेना. फोनवर अडतीस होतं.

मला आई आठवली. आईकडे बोटाला लावायचं ते छोटं यंत्र आहे, ऑक्सिजन दाखवणारं. पप्पा कामावरून आले की विचारतात, किती? आकडा कमी असेल तर आई तो सांगत नाही. ती तळवे चोळते, ताठ बसते, लांब श्वास घेते, आणि आकडा चांगला आला की मगच बोट पुढे करते. "बघा, चांगलाय की." पप्पांना बरं वाटतं. आईला त्यानंतर बराच वेळ धाप लागलेली असते. ते मी दाराशी उभी राहून पाहते.

मी जिन्याच्या वळणावर येऊन थांबले. ब्लूटूथ तिथपर्यंतच पोचतं. सदतीस. खालून कपबशांचा आवाज येत होता आणि काकांचं हसणं. लाल ओळ असायची तेव्हा निदान काहीतरी बिघडलंय हे घराला माहीत असायचं. आता ते फक्त मला माहीत होतं, आणि बॅटरीला. ऊन अजून कलायचं होतं. पॅनल पूर्ण जोरात होते. मी नाक वर करून वास घेत होते, आणि मला खरंच काहीतरी वास येतोय असं वाटायला लागलं. तो चहाचा निघाला.

मी आधी मनातल्या मनात वाक्य इंग्रजीत तयार केलं. मग मराठीत. मराठीत ते उद्धट वाटत होतं. काकांना असं कसं म्हणायचं? ज्या माणसाने सिलिंडर आणलं त्याला?

खाली येऊन मी माठातलं पाणी प्यायले. आमचा माठ जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीला असतो. तिथे ऊन कधीच येत नाही. ती फरशी मे महिन्यातही पायाला गार लागते. आईने हे घर झालं तेव्हाच ती जागा माठाला दिली आणि त्यानंतर फ्रिज आला, शिलाई मशीन आलं, पण तिने ती कुणाला दिली नाही. घरात त्याहून गार कोपरा नाही. मी पेला हातात धरून तिथेच उभी राहिले. अनवाणी.

काका निघाले. दारात बसून चपला घालायला लागले. "चला वहिनी, आता निवांत झोपा. लाइट गेली तरी कळायचं नाय."

"बरं झालं," आई आतून म्हणाली.

"अन् मॅडम? खूश ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मान हलायला निघाली आहे हे मला मानेतच जाणवलं. मी ती तशीच धरली.

"काका, वायर गार झालीय," मी म्हणाले. "बॅटरी नाही."

माझा आवाज फार वर गेला होता, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. काकांची एक चप्पल पायात आणि एक हातात.

"काय म्हणली?"

"ती वायर बॅटरीचा ताप बघत होती. आता ती फडक्याचा बघतेय. वर बॅटरी भरतेय अजून. हात लावून बघा तिला."

"अगं," पप्पा म्हणाले, "काका किती वर्षं हेच काम..."

"आणि पासवर्ड मला पाठ आहे. मी सत्तर करणार नाही. आई खाली झोपते."

मशीनची घरघर मला कितीतरी दिवसांनी ऐकू आली. काकांनी हातातली चप्पल खाली ठेवली, पायातली काढली आणि ते जिना चढून गेले. वर खटका पडल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा तळहात शर्टाला पुसत होते.

"तापलीय," ते पप्पांना म्हणाले, माझ्याकडे न बघता. "लई तापलीय. पॅनलचा खटका बंद करून आलो. ती वायर होती तिथं लावतो परत." मग जिन्याच्या पायरीवर बसले. "पण मग भरायची कवा ही? वर तर दुसरी जागा नाय. खाली आणायची तर इन्व्हर्टर बी खाली आणावा लागंल. भिंतीला भोक पाडावं लागंल. अन् वहिनीच्या खोलीत तर नाय ठेवता येत."

पप्पांनी हॉलकडे बघितलं, जिथे पश्चिमेची खिडकी आहे आणि दुपारनंतर सोफ्यावर बसवत नाही. स्वयंपाकघराकडे बघितलं. कपाळावरची शीर पुन्हा उभी राहिली होती.

"मुकी नाय तर," काका पुटपुटले. मग पहिल्यांदाच त्यांनी मला सरळ विचारलं, "सांग की मग पोरी, कुठं ठिवायची?"

आई पलंगावर उठून बसली होती. नळी नाकात, दाराच्या चौकटीतून ती माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होती. मी काय म्हणणार ते तिला कळलं असावं, कारण तिने ओठ घट्ट मिटले. पण ती नाही म्हणाली नाही.

"माठ मी हलवते," मी म्हणाले. "बॅटरी तिथं ठेवा."