गाणं कायमचं लिहून घेणारा माणूस

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

मी मेहकरला वकिली करते. गायक-कलाकारांचे करार तपासते. लोकांना वाटतं, मला रोज नटनट्या भेटत असतील. आज भेटला मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा माणूस.

अमडापूरच्या कमलाबाई लग्नात हळदीची गाणी म्हणतात. त्यांची सही घ्यायला हा अकरा पानांचा इंग्रजी करार घेऊन आला होता. बाई हुशार, त्या त्याला घेऊन थेट माझ्या ऑफिसात आल्या.

सातव्या पानावर लिहिलं होतं की गाणी कायमची कंपनीची, आणि परवानगीशिवाय बाईंनी ती कुठेही गायची नाहीत.

"नातीच्या हळदीतही नाही?" मी विचारलं.

तो हसला. "मॅडम, तालुक्याच्या वकिलांना ही लाइन कळत नाही. सगळे सही करतात."

मी बाईंना अर्थ सांगितला. त्या त्याला म्हणाल्या, "माह्या मायनं गाणं शिकवलं तवा मले कागद नाही मागितला. तुले काऊन लिहून देऊ?"

त्यानं करार बॅगेत कोंबला. आत तसेच आणखी करार होते. सगळ्यात वरच्या करारावर धामणगाव बढेचा पत्ता होता, खाली कुणा बाईची वाकडीतिकडी सही. नाव वाचायच्या आत त्यानं चेन लावली.

तिकडची ती गाणारी बाई कोण, कुणाला ठाऊक आहे का? तिला माझ्याकडे आणा. तिचा करार मोडायला मी फुकट उभी राहीन.