पडवीतला डोळा

चिंचणीच्या किनाऱ्यावर हंसाचं घर अगदी कडेला, खाडीच्या तोंडाशी. सासूने तिला घरात घेतलं तेव्हाच बजावलं होतं, दिवस कलला की बाहेरच्या खांबावर कंदील लागला पाहिजे. तिच्या नवऱ्याची, रामाची बोट आणि मागून येणाऱ्या बोटी त्याच उजेडाचा रोख धरून आत यायच्या. हंसाने ते काम कधी चुकवलं नाही. वीज आली तेव्हा कंदिलाच्या जागी बल्ब आला, एवढाच काय तो फरक.

पण मासळी विकायला ती बोईसरच्या बाजारात जाऊ लागली आणि पंचाईत झाली. एका संध्याकाळी एसटी वाटेत बंद पडली. सासूला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. दिवस मावळल्याचं तिला कळलंच नाही. खांब काळोखात राहिला आणि रामाची बोट खडकाला घासली. माणसं वाचली. हंसा मात्र दोन दिवस नीट जेवली नाही.

तिचा धाकटा भाऊ पुंडलिक सरावलीला राहायचा, तारापूरच्या एका कारखान्यात वायरिंगचं काम करायचा. रविवारी तो पिशवीतून एक डबी घेऊन आला. तिला पुढून काच होती, आत नखाएवढी चकती. थेट ऊन लागू नये म्हणून त्याने ती पडवीच्या वळचणीखाली बसवली आणि पुरता अंधार पडायच्या आधीच दिवा लागेल अशी जुळवली.

"हंसाबाय, आता काचेवर हात धर."

तिने तळवा धरला. खांबावरचा बल्ब लागला. हात काढला, विझला. तिने परत धरला, परत काढला. मग पदराला हात पुसत ती ओटीवर बसली.

"याला दिसतं रे?" तिने विचारलं.

"दिसत नाय गं. उजेड कमी झाला का कळतं."

"मंग दिसणं आणखी काय असतं?"

पुंडलिक हसला. तो हत्यारं पिशवीत भरू लागला.

बायका बघायला येऊन गेल्या. काचेवर खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसला की दिवा दुपारीच लागायचा. मग हंसा ओल्या फडक्याने काच पुसायची. हळूहळू सवय झाली. संध्याकाळी उशीर झाला तरी जीव टांगणीला लागेना. आभाळाकडे बघणंही सुटलं.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्याला गिरान, म्हणजे ग्रहण लागलं. बोटी वाळूवर ओढलेल्या, चुली थंड, सासू पाण्याच्या हंड्यावर तुळशीपान ठेवून आतल्या खोलीत बसलेली. दुपारी उन्हाचा रंग उतरू लागला. वाळत घातलेल्या बोंबलांवरून घिरट्या घालणारे कावळे माडांत गेले. गार वारा सुटला. हंसाला आत राहवेना. ती पडवीत आली.

समुद्र शिशासारखा झाला होता. वर बघायची तिची छाती होईना. तेवढ्यात खांबावरचा दिवा लागला.

कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पंचांग त्याला ठाऊक नव्हतं, गिरान ठाऊक नव्हतं. आभाळातला एवढा मोठा दिवा झाकला गेला आणि त्याने आपलं काम केलं. हंसाने नकळत हात जोडले. सूर्याला की डबीला, तिचं तिलाच कळलं नाही.

"काय गं, काय झालं?" आतून सासूने विचारलं.

"दिवा लागला, आई. दिवसा."

म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली. हंसाने तिचा हात धरून खांबाकडे वळवलं. "काय तरी पिवळं हाय तिथं," सासू पुटपुटली. दोघी तशाच उभ्या राहिल्या, ऊन परतून दिवा विझेपर्यंत. मग गावाबरोबर समुद्रात उतरून त्यांनी अंघोळ केली.

खाऱ्या हवेने ती डबी पुढे गंजली. पुंडलिकने दुसरी बसवली. हंसा मात्र त्या दिवसापासून, घरी असली की, दिवस मावळताना पडवीत येऊन आभाळाकडे बघत उभी राहायची.

"रोज काय बघतेस?" रामा विचारायचा.

"बघते," ती म्हणायची. कधी कधी तोही जाळं बाजूला ठेवून तिच्या शेजारी येऊन उभा राहायचा.