मनकर्णाबाईंचं पाणी

अकोल्याच्या जुन्या शहरात नारायणराव वकिलांच्या घरी दोन गोष्टींना कोणी हात लावायचा नाही, असा कायदा होता. एक वकिलांची फटफटी आणि दुसरा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, मनकर्णाबाईंचा, सोवळ्याचा हंडा. फटफटीला हात लागला तर वकील घर डोक्यावर घेत. हंड्याला लागला तर मनकर्णाबाई मुकाट्यानं पाणी ओतून देत, हंडा घासत आणि पुन्हा भरत. ज्याच्या हाती सत्ता, त्याचा राग दिसतो. बाकीच्यांच्या रागाचं काम होऊन बसतं.

मनकर्णाबाई भावाकडे आल्या त्याला तीन पावसाळे झाले होते. त्याआधी सगळं आयुष्य चांदूर रेल्वेला सासरी गेलं. नवरा लग्नानंतर लवकरच वारला, केस गेले, अंगावर लाल आलवण आलं. दीर वामनराव भिक्षुकी करायचे आणि त्यांची बायको पार्वताबाई जावेवर राज्य करायची. मनकर्णाबाईंना सरपणाच्या पडवीत निजायला जागा होती. दळण त्यांनी दळायचं, शेण त्यांनी काढायचं, आणि ताटात भाकरी पडायची ती पार्वताबाईच्या मर्जीनं. एका थंडीत त्यांना ताप भरला, काम होईना, तेव्हा वामनरावांनी त्यांना गाडीत बसवून अकोल्याला आणून सोडलं. "आमी पुष्कळ दिवस सांभाळलं, आता तुमची पाळी," एवढंच ते नारायणरावांना म्हणाले आणि चहासुद्धा न घेता परतले.

भावाच्या घरी पडवी नव्हती, माजघराचा कोपरा होता. तेवढ्यानंच त्यांना स्वर्ग हाताला लागल्यासारखं झालं. देवाजवळ त्या एकच मागायच्या, की मरण येईल ते याच कोपऱ्यात येवो, चांदूरला नको. आपण भावाच्या घरात भार आहोत हे त्यांना न सांगताच कळत होतं. भावजय सरोजिनी वाईट नव्हती, पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून चांगली किंवा वाईट व्हायची.

फटफटीचं वकिलांना वेड होतं. विलायती, काळी कुळकुळीत, टाकीवर सोनेरी रेघ. कोर्टात जाताना ती मुद्दाम बाजारातून न्यायची आणि भोंगा वाजवत न्यायची. मात्र तिची सगळी मदार बॅटरीवर होती. बॅटरीत जीव असेल तर ठिणगी पडणार, नाही तर ती नुसतं लोखंड. विकणाऱ्या माणसानं वकिलांना घरी येऊन नीट समजावून सांगितलं होतं. बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या पाण्यात बुडलेल्या राहिल्या पाहिजेत. उन्हाळ्यात पाणी आटतं, मग वरून भर घालायची. विहिरीचं पाणी तिला विष. गाळीव औषधी पाणी मिळालं तर उत्तम, नाही तर पावसाचं. पण ते काचेत ठेवायचं, धातूच्या भांड्यात नाही. एवढं सांभाळलं तर दोन-तीन वर्षं बघायला नको. वकिलांनी मान डोलावली. वकिलाची मान डोलते तेव्हा त्यानं ऐकलेलं असतंच असं नाही.

पहिली दोन वर्षं ठीक गेली. पाणी औषधाच्या काचेच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवलेलं असे. एकदा पोरांनी ती बाटली खेळायला घेतली आणि फोडली. दुसरी ठेवली, तिच्यात मुंग्या झाल्या. पुढे जुनी बॅटरी वयानं थकली, वकिलांनी नवी बसवली, आणि त्याच आठवड्यात ते मनकर्णाबाईंच्या कोपऱ्याशी येऊन उभे राहिले.

अकोल्याकडच्या विहिरी मचूळ. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि तोंडाची चव जाते. म्हणून मनकर्णाबाई पावसाळ्यात पागोळीखाली धुतलेलं धोतर बांधून पाणी धरायच्या आणि आपल्या प्यायला तांब्याच्या मोठ्या हंड्यात साठवायच्या.

"ताई, तुह्या हंड्यातलं पाणी मले लागंल," वकील म्हणाले.

"काहून? पोट बिघडलं का तुहं?"

"मले नाही, फटफटीले. या घरात एक तुहाच हंडा असा आहे की त्याले कोणी शिवत नाही."

सरोजिनी चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "तो फटफटीवाला तर काचेतच ठेवा म्हणत होता."

"दवाईच्या ओवळ्या बाटलीत?" वकील हसले. "तांब्याचं पाणी वैद्य रोग्याले देते. फटफटी का वैद्याच्या वर आहे? मी सांगतो, तांब्याचंच घ्यायचं."

वकिलांचा निकाल लागला की घरात अपील नव्हतं. त्या दिवसापासून मनकर्णाबाईंच्या आयुष्यात काहीतरी उजाडलं म्हणायचं. रविवारी सकाळी वकील बॅटरीची टोपणं उघडून हाक मारायचे, "ताई, पाणी." त्या ओल्या आलवणानं पंचपात्र भरून आणायच्या. वकील नळीनं थेंबथेंब पाणी सोडायचे आणि त्या शेजारी उभ्या राहून देवाला अभिषेक चालल्यासारख्या पाहत राहायच्या. सरोजिनीही गोड झाली. भातावर तूप पडायला लागलं. शेजारणींपाशी मनकर्णाबाई सहज बोलल्यासारखं करून म्हणायच्या, "नारायणाची फटफटी माह्याच पाण्यावर चालते." आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं काही त्यांच्यावाचून अडत होतं. बाईला त्याचा गर्व झाला असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही.

गर्वापायी तिनं निष्ठा वाढवली, आणि तिथेच घात झाला. हंडा त्या आधी आठवड्यातून एकदा घासायच्या, आता रोज चिंच लावून आतून-बाहेरून घासू लागल्या. तांबं नव्या पैशासारखं लखलखायचं. त्या लखलखीत तांब्यातून पाण्यात काय उतरत होतं, ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

चार-पाच महिन्यांतच फटफटी कुरकुरू लागली. भोंगा घसा बसल्यासारखा वाजायचा. दिवा काजव्याएवढा. रात्री नुसती उभी ठेवली तरी सकाळपर्यंत बॅटरी रिकामी व्हायची. वकील ती टांग्यात घालून वीजघरात भरायला पाठवायचे. भरून यायची आणि आठवड्यात पुन्हा निजायची. तिच्या तारा जोडायच्या खिळ्यांवर हिरवट बुरशी धरली. ती गरम पाण्यानं धुवून वर व्हॅसलीन लावलं, तरी गुण नाही. मनकर्णाबाईंच्या मनानं घेतलं, की आपल्याच सोवळ्यात काहीतरी कमी पडतंय. त्यांनी हंडा दिवसातून दोनदा घासायला घेतला. वर सोमवारचे उपास धरले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. फक्त इथे हसणारं कोणी नव्हतं.

मग ती अमरावतीची तारीख आली. खुशालराव पाटील हे वकिलांचे सगळ्यांत वजनदार पक्षकार. त्यांची जमिनीची भांडणं म्हणजे वकिलांची जहागीर. पाटलांना फटफटीवर बसायची हौस होती, म्हणून वकिलांनी त्यांना मागे बसवून अमरावतीला न्यायचं ठरवलं. मूर्तिजापूरला पाणी प्यायला थांबले. उठून लाथ मारतात तर फटफटी ढिम्म. वकिलांनी शंभर लाथा मारल्या. नंतर दोघांनी ढकलली. बाजाराचा दिवस होता. कोट घातलेले वकील पुढे आणि फेटा घातलेले पाटील मागे, अशी मिरवणूक सगळ्या बाजारानं पाहिली. एक भाजीवाली म्हणाली, "बैल जोडा की तिले, मालक." शेवटी फटफटी एका कापसाच्या गाडीवर बांधून परत निघाली. तारीख गेली.

तिसऱ्या दिवशी अमरावतीहून पंजाबराव आले. त्यांचं तिकडे मोटारींचं मोठं दुकान होतं. माणूस गब्बर, पान खाऊन बोलणारा, आणि नवी बॅटरी गळ्यात मारायलाच आलेला. लढाई सुरू झाल्यापासून विलायती माल दुर्मिळ झाला होता, त्यामुळे त्यांचा तोरा भलताच वाढला होता. ओट्यावर पाटील बसले होते. तारखेचं पुढे काय, ते विचारायला ते आले होते. दाराआड सरोजिनी होती आणि तिच्यामागे मनकर्णाबाई.

पंजाबरावांनी बॅटरीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, पाणी कशात ठेवता?"

वकील धोतराच्या सोग्यानं टोपणं पुसू लागले.

"तांब्याचं भांडं दिसते. तांबं आत गेलं की बॅटरी उभ्या जागी रिकामी होते, गाडी चालो का न चालो. हे तर विकणारा पहिल्याच दिवशी सांगते. कोनं घातलं तांब्याचं पाणी?"

पाटलांनी मान वळवून वकिलांकडे पाहिलं. वकिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाराच्या फटीतून मनकर्णाबाईंना ते कान दिसले. लहानपणी चोरून चिंचा खाल्ल्या की याचे कान असेच व्हायचे, आणि मार मोठ्या बहिणीनं खायचा. ज्या वकिलाला आपली फटफटी सांभाळता येत नाही तो माझी जमीन काय सांभाळणार, असं पाटलांच्या मनात आल्याशिवाय राहणार नव्हतं. आणि पाटील गेले तर या घराचं तूप गेलं. मनकर्णाबाईंनी आणखीही एक हिशेब केला, तो लपवण्यात अर्थ नाही. आज मी याची अब्रू राखली तर हा मला जन्मभर अंतर देणार नाही, असं त्यांना वाटलं.

त्या पदर ओढून उंबऱ्यात आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या कधी येत नसत.

"मी घातलं," त्या म्हणाल्या. "नारायण काचेचंच म्हणत होता. मीच ऐकलं नाही. माहीच चूक."

सरोजिनीनं खाली पाहिलं. पाटलांचा चेहरा सैल पडला आणि ते हसले. "बायकांचं सोवळं, वकीलसाहेब. आमच्या घरी बी असंच आहे." पंजाबरावही हसले. मग वकीलही हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

मंडळी गेल्यावर मनकर्णाबाई वाट पाहत बसल्या. भाऊ जवळ येईल, निदान एकदा डोळ्याला डोळा देईल. वकील रात्री जेवायला बसले आणि ताटावरून सरोजिनीला म्हणाले, "ताईले चांदूरले पोचवायचं पाहा. आज बॅटरी बुडवली, उद्या आणखी काही बुडवंल."

सरोजिनी म्हणाली, "अहो, पण तुमीच तर..." वकिलांनी वर पाहिलं. तिनं पुढचा शब्द गिळला आणि भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंना टांग्यातून स्टेशनवर नेलं. वकील स्वतः आले होते, लोक काय म्हणतील म्हणून. फलाटावर मनकर्णाबाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि त्या पहिल्यांदा बोलल्या.

"नारायणा, तांब्याचं घे म्हणून तूच म्हटलं होतं. सरूसमोर म्हटलं होतं."

"मी?" वकील खरोखर चकित झाले. त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती. तीच पाहायची मनकर्णाबाईंची तयारी होती. ती असती तर बरं झालं असतं. एका रात्रीत त्या माणसानं बहिणीचीच साक्ष खरी मानून टाकली होती. "चार माणसांसमोर कबूल कोण झालं, ताई?"

"मी."

"मंग झालं तर. कबुलीनंतर खटला उरत नाही." ते गाडीची चौकशी करायला निघून गेले.

चांदूरला स्टेशनवर कोणी आलं नव्हतं. मनकर्णाबाई गाठोडं डोक्यावर घेऊन चालत घरी गेल्या. पार्वताबाई दारातच उभी होती. तिनं यांना आत घेतलं नाही, आधी विचारलं, "सख्ख्या भावानं काहून काढलं?"

खरं सांगावं तर भावाची अब्रू जाते, आणि परतीचं दार उघडं राहील ही वेडी आशाही जाते. मनकर्णाबाई म्हणाल्या, "त्याच्या फटफटीचं पाणी मी नासवलं. माहीच चूक झाली."

पार्वताबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पडवीकडे बोट दाखवलं.

"राहा तिकडं. पण या घरात पाण्याले हात लावू नको. तहान लागली तर माग."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. सकाळपासून त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, आणि मागावं कसं हे त्यांना कळेना.